पाकिटावरचा एकटा चेहरा

पेणला लोक गणपती ठरवायला जातात, नाहीतर पापड आणायला. मी गेले होते एका रेकॉर्डच्या पाकिटासाठी. परत आले तेव्हा पिशवीत पोह्याचे पापड होते आणि ते उत्तम निघाले. बाकी जे झालं त्याची चव अजून तोंडात कडूच आहे, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. गाण्यांच्या अल्बमची कव्हरं करणं हा माझा धंदा. मूळची मी सोलापूरची, पोटासाठी मुंबईत. मुंबईतल्याच एका संगीत कंपनीने मला एका नव्या मुलीच्या इलेक्ट्रोपॉप अल्बमचं सगळं वेष्टन करायला दिलं: काळ्या रेकॉर्डचं मोठं चौकोनी पाकीट, छोटी कॅसेट, आतला छापील कागद. गाणी आता फोनवर फुकट ऐकता येतात, तरी हौशी मंडळी अशी रेकॉर्ड विकत घेतात आणि दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवतात. वाजवतातच असं नाही. त्यामुळे आतल्या गाण्यापेक्षा पाकिटाचाच तोरा जास्त.

इलेक्ट्रोपॉप म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. यंत्रावर वाजवलेलं, नाचता येईल असं, आणि गाणारीचा आवाज नुकताच फ्रिजमधून काढल्यासारखा. त्याच्या कव्हरांचेही रिवाज ठरलेले आहेत. देशोदेशीची कव्हरं बघून बघून माझे डोळे दुखायला लागले होते. गुलाबी आणि निळा उजेड, तोही अर्ध्याच चेहऱ्यावर. मागे काळोख. अक्षरं नव्या स्टीलच्या भांड्यासारखी चकचकीत. गायिका एकटी, आणि ती हसत नाही. कुठल्याच देशात हसत नाही. बाकीची माणसं, म्हणजे वाजवणारी, लिहिणारी, मागून सूर धरणारी, ती सगळी मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात. नाहीतर कुठेच नाहीत.

कंपनीचा तरुण प्रमुख मला म्हणाला, "मुलगी रोह्याकडची आहे. तिकडे जाऊन ये, लोकल फ्लेवर बघ. पण कव्हर इंटरनॅशनल पाहिजे." म्हणजे लग्न साधंच करायचं, पण नवरदेव हत्तीवरून आणायचा.

मुलीचं नाव पूर्वा. बारीक अंगाची, मोजकं बोलणारी, रोह्याला चिकटलेल्या वरसे गावची. वडील धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातात. आई धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पुढच्या प्रत्येक विधीला जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. तिच्यावाचून मांडवात पान हलत नाही. पूर्वाने लॅपटॉपवर जी गाणी केली होती, त्यातल्या बहुतेकांत आईचाच आवाज होता: कापलेला, ताणलेला, ठोक्यावर बसवलेला. पहिल्याच भेटीत तिने मला सांगून टाकलं, "ताई, माझा चेहरा कसापण लावा. केस निळे करा, डोळे काळे करा. पण पुढच्या बाजूला आईचं नाव पाहिजे, माझ्या नावाएवढंच. तिला मी शब्द दिलाय."

मी म्हटलं, घालू. आणि घातलंही. कच्चं कव्हर तयार केलं, त्यात अर्ध्या गुलाबी उजेडात पूर्वाचा चेहरा आणि खाली एकाच मापात दोन नावं: पूर्वा, हाशीबाई. तो कागद गुंडाळून काखेत मारला आणि थंडीतल्या एका सकाळी पेणला उतरले.

पेण

पूर्वा मला न्यायला आली होती. तिचा मामा पेणमध्येच राहतो आणि त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. हळदीच्या गाण्यांच्या सीडी निघायच्या तेव्हापासून त्यांची कव्हरंही तोच करतो. माझ्या अभ्यासाला याहून चांगला माणूस कुठे मिळणार, असं मला वाटलं, आणि एवढ्या बाबतीत तरी माझं बरोबर होतं.

दुकानाकडे जायची वाट एका गणपतीच्या कारखान्यातून जाते. पेणमध्ये बऱ्याच वाटा अशाच कारखान्यांतून जातात. थंडीचे दिवस, त्यामुळे मूर्ती अजून पांढऱ्या, रांगेने मांडलेल्या, डोळे न काढलेल्या. मी त्यांच्याकडे बघत चालले होते आणि एक बाई स्प्रेच्या मशीनने पीतांबराचा नमुना रंगवत होती, तिच्या नेमकी पुढ्यात गेले. माझा पांढरा कुडता कमरेपासून राणी कलरचा झाला. सोलापुरात अशा वेळी आधी एक शिवी मिळाली असती, मग चहा. इथे बाईने मशीन खाली ठेवलं, डाग नीट निरखला आणि समाधानाने म्हणाली, "झ्याक बसला गो रंग. आता नाय जायाचा." आणि तो गेला नाही. गंमत अशी की नेमका हाच गुलाबी मी इतके दिवस पडद्यावर जुळवत बसले होते. पुढचा सगळा प्रवास मी तो अंगावर घेऊन केला.

पूर्वाच्या मामाला सगळं पेण दिनामामा म्हणतं. गळ्यात जाड चेन, डोक्यावर चढवलेला गॉगल, आणि आवाज असा की दुकानाला पाटी नसती तरी चाललं असतं. भिंतीवर त्याने केलेली कव्हरं एकाला एक लावलेली. मी बघतच राहिले. गुलाबी तोच, निळा तोच, अक्षरं तशीच स्टीलची. पण माणसं! वर एकवीरा आई. खाली गॉगल लावलेला गायक. त्याच्या शेजारी बेंजोवाला, मग गीतकार, मग ज्याने खर्च केला तो हात जोडून, ज्याच्या हळदीत गाणं पहिल्यांदा वाजलं तो नवरदेव, आणि तळाला शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. आणि सगळे हसताहेत.

"मामा, एवढी गर्दी कशाला?" मी विचारलं.

"मंग कोनाला बाहेर कारू?" मामा म्हणाला. "ज्यानी बेंजो वाजवला त्याला कारू, का ज्यानी रातभर चाय पाजली त्याला कारू? एक जरी सुटला ना म्याडम, तो नाक्यावरशी तोंड फिरवून जातो. वरीसभर."

मी कौतुकाने माझा कागद उलगडला. मामाने गॉगल काढून टेबलावर ठेवला. कागदाकडे बघितलं, मग पूर्वाकडे, मग माझ्याकडे. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"पोर जिती हाय ना?"

"म्हणजे?"

"एकटा चेहरा. येवडा मोठा. हसत नाय, मागं कालोख. म्याडम, ह्यो आमच्याकरं भावपूर्ण श्रद्धांजलीचा डिझाइन हाय."

मी हसले. तो हसला नाही. त्याने कोपऱ्यातला, दुपारी न्यायला येणार होते तो फ्लेक्स उलगडून दाखवला. कुणीतरी आजोबा होते. अर्धा उजेड, अर्धा अंधार, चेहरा गंभीर, खाली नाव आणि बाकी मोकळी जागा. लंडन-बर्लिनच्या कव्हरांत खपून गेला असता. मग माझंही हसू गेलं. इतक्या कव्हरांचा अभ्यास केला आणि हे माझ्या डोळ्यांना एकदाही दिसलं नव्हतं, कारण मी ज्या खोलीत बसून बघत होते तिथे मेलेल्या माणसाचा फ्लेक्स कुणी लावत नाही.

"हाशीचं नाव तरी बरोबर घातलंय," मामा बहिणीचं नाव वाचून म्हणाला आणि त्याने मोबाईलवर कागदाचा फोटो काढला. "तुमी जावा रोह्याला. मी बगतो काय करायचं ते." आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला.

मामीने जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, परतलेली सुकट. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, कडक, हातात धरली तर सरळ उभी राहणारी, वर शेंगाचटणी आणि तेल. तांदळाची भाकरी मला आजवर आजाऱ्याचं खाणं वाटत होती. त्या दिवशी किती खाल्ल्या ते मामीला विचारा. निघताना तिने पापड पिशवीत घातले आणि कुडत्याकडे बघून म्हणाली, "लग्नाला गेल्तीव का कुटं?"

कासू

पेणहून रोह्याला जाणारी रेल्वेगाडी मिळाली, आणि कासू स्टेशनला येऊन थांबली ती थांबलीच. पुढून दुसरी गाडी यायची होती. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं, त्यात वालाचे हिरवे पट्टे, लांब डोंगर. सुंदर होतं. गाडी थांबली की सगळंच सुंदर दिसायला लागतं, करणार काय.

वालाच्या शेंगांची पाटी घेऊन एक म्हातारी चढली आणि आमच्या समोर बसली. पूर्वाकडे टक लावून बघत होती.

"तू हाशीबायची ना गो? धवलारनीची?"

"व्हय मावशी."

"तुज्या आयशीनी माज्या पोरीच्या लग्नात माज्या मेलेल्या बापाचं नाव घेतलं व्हतं. माज्या सोताच्या ध्यानात नव्हतं. तिच्या व्हतं." म्हातारीने पाटीतून ओंजळभर शेंगा काढून पूर्वाच्या ओढणीत टाकल्या. "तिला दे."

पूर्वाला काय वाटलं कोण जाणे, तिने फोन काढला आणि आपलं गाणं म्हातारीच्या कानाला लावलं. ठोका सुरू झाला. त्यावर आईचा आवाज: आयली गो, आयली गो, आयली गो. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती, मानही हलवत होती.

"आवाज तिचाच," ती शेवटी म्हणाली. "पन तिला मदीच कापली का गो? कोन आयली ते सांगूच दिलं नाय."

"असंच असतं मावशी या गाण्यांत."

"आसंल," म्हातारी म्हणाली. दुसरी गाडी धडधडत गेली आणि आमची हलली.

वरसे

वरशात आता बिल्डिंगा उठल्या आहेत. एकीकडे गुलाबी रंगाचे चार मजले, त्याच्या पायाशी कौलारू घर, घरापुढे अंगण, अंगणात वाळत घातलेले वाल. पूर्वाचं घर हेच. हाशीबाई अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. ठेंगणी, काळीसावळी बाई, हातभर हिरव्या बांगड्या. बोलताना आवाज अगदी घोगरा, मला वाटलं सर्दी झाली आहे. त्या पेणच्या खाडीकडच्या, मिठागरावर वाढलेल्या. या मिठाच्या वाफ्यावरून त्या वाफ्यावर हाका मारून मारून आवाज असा झाला म्हणाल्या. पण गायला लागल्या आणि तो घोगरेपणा कुठे गेला ते कळलं नाही.

मी त्यांना पूर्वाने घेतलेलं ते गाणं अख्खं म्हणायला सांगितलं. त्यांनी शेंगा सोलता सोलताच म्हटलं:

मामा पेनचा आयला गो, त्याला पाट द्या बसाला
मावशी कासूची आयली गो, तिला हलद द्या लावाला

आणि पुढे तसंच. आत्या आली, काका आला, कंपनीतून शिफ्ट सोडून बाप आला, शेजारीण आली, रिक्षावाला आला. प्रत्येकाला काहीतरी द्या: पाट, हळद, पाणी, सावली. हे गाणं त्यांचं स्वतःचं. पुतणीच्या लग्नात त्यांनी जुळवलं होतं आणि मग दर लग्नात माणसं बदलून तेच म्हणत आल्या.

"संपवायचं कसं हे?" मी विचारलं. "माणसं तर संपणार नाहीत."

"मंग मी इचारतंय मांडवात," त्या म्हणाल्या. "कुनी राहिलं का? बायका सांगतात, हिचा चुलता राहिला, तिचा दीर राहिला. ती नावं घ्याची. परत इचाराचं, कुनी राहिलं का? कुनीच बोललं नाय की संपलं. एक जरी मानूस राहिला ना बाय, त्या लग्नाला दोष लागतो."

दिनामामाचा फ्लेक्स मला तेव्हा कळला. बहीण जे गळ्याने करते तेच भाऊ मशीनवर छापतो.

"आणि तुमचं नाव?" मी म्हटलं.

हाशीबाई हसल्या. "माजं मी कसं घेन? आपलं नाव आपन घेवाचं नसतं. सगल्यांची जाली की नवरीची आय माज्या पदरात तांदूल नारल घालते आनि माजं नाव घेते. दुसऱ्यानं घेतलं तरच ते लागतं."

मग मी त्यांना कागद दाखवला. श्रद्धांजलीची गोष्ट मुद्दामच सांगितली नाही. त्यांना वाचायला थोडं येतं. बोट ठेवून त्यांनी आधी पोरीचं नाव वाचलं, मग आपलं. आपल्या नावावर बोट जरा जास्त वेळ राहिलं. जेवताना माझ्या ताटात चिंबोरीची, म्हणजे खेकड्याची, नांगी पडली. या घरात ती फक्त मानाच्या पाहुण्याला मिळते, हे पूर्वाने मला नंतर सांगितलं.

रोहा

दुसऱ्या दिवशी आम्ही रोह्याच्या नाक्यावर रिक्षातून उतरलो आणि पूर्वा जागच्या जागी थिजली. समोर फ्लेक्स. नुसता फ्लेक्स नव्हे, दोन बांबूंमध्ये ताणलेला, रिक्षा स्टँडच्या छपराहून उंच. वर एकवीरा आई आणि रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज. मधे माझं कव्हर, पण पूर्वाच्या त्या गंभीर चेहऱ्याऐवजी कुठल्याशा लग्नातला हसरा चेहरा. भोवती सगळं गोत: मामा, मामी, बाप कंपनीच्या हेल्मेटसकट, चुलते, कॉलेजच्या मैत्रिणी, ज्याच्याकडून लॅपटॉप घेतला तो दुकानदार. तळाला मीदेखील होते, 'कव्हरवाल्या मॅडम' म्हणून, राणी कलरच्या कुडत्यात. मामाने कधी फोटो काढला होता देव जाणे. आणि पूर्वाच्या उजव्या हाताला, तिच्याएवढ्याच आकारात, पदर डोक्यावर घेतलेल्या हाशीबाई. खाली ठसठशीत: धवलारीण हाशीबाई.

अल्बम अजून जाहीर व्हायचा होता. कंपनीची सक्त ताकीद होती की कव्हर कुणाला दिसता कामा नये. मी मामाला फोन लावला.

"मंग काय करनार म्याडम?" मामा म्हणाला. "तुमचा तो फोटो बाहेर परला असता तर लोकं तिच्या घरी भेटायला गेली असती, पांढरी कापरं घालून."

पूर्वा आधी लाजली, मग चिडली, मग फ्लेक्सखाली उभी राहून रडली. रिक्षावाल्यांनी तिच्यासाठी चहा आणला. त्यातल्या दोघांचे चेहरे फ्लेक्सवर होते.

कंपनीच्या प्रमुखाचा फोन आला तेव्हा आम्ही कुंडलिका नदीच्या बांधावर बसलो होतो. कुणीतरी फ्लेक्सचा फोटो टाकला होता आणि तो फिरत फिरत कंपनीपर्यंत पोचला होता. आता हा माणूस ओरडणार, म्हणून मी फोन कानापासून लांब धरला. तो ओरडलाच, पण आनंदाने.

"काय माल आहे यार! एवढा रॉ! हेच कव्हर. तुझं ते गुलाबी अंधारातलं विसर. हाच फ्लेक्स, हीच गर्दी. लोक वेडे होतील."

क्षणभर मलाही आनंद झाला. मग तो म्हणाला, "फक्त माणसं बदलू."

"कुठली माणसं?"

"सगळी. प्रत्येक चेहऱ्याची परवानगी कुठे घेत बसणार? इथे स्टुडिओत करू. मॉडेल घेऊ, गॉगल, चेन, सगळं सेम. पूर्वा तेवढी खरी."

"आणि तिची आई? तिचं नाव पुढे आहे."

"ते फोक आहे ना? मग मागे पारंपरिक लिहायचं. नाव घातलं की हक्क आला, हक्क आला की वकील आला."

"पारंपरिक नाहीये ते. त्या बाईने स्वतः रचलंय."

"अगं, मग पारंपरिक म्हणजे तरी काय?" तो अगदी समजुतीने म्हणाला. "असं बायकांनी रचलेलंच ना?"

मी खूप वर्षं या धंद्यात आहे, पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण हे वाक्य ऐकून मी फोन बंद केला. आजही ते डोक्यातून जात नाही. समोर नदी आपली संथ चालली होती, पलीकडे धाटावच्या चिमण्यांचा धूर वर चढत होता. पूर्वा माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

ती घाबरट मुलगी नाही. दुसऱ्याच दिवशी मुंबईला गेली आणि सांगून आली की नाव नसेल तर अल्बम नको. ते म्हणाले, चालेल, मग अल्बम आमच्या कपाटात राहील. तुझा आवाज, तुझी गाणी, आईसकट, सगळं तू आम्हाला सही करून दिलेलं आहे. मीही भांडले. काम सोडते म्हणाले. ते म्हणाले, सोड, आराखडा आमच्याकडे आलाच आहे. पुढे काही आठवडे ही ओढाताण चालली आणि मग पूर्वा थकली. मला फोन करून एवढंच म्हणाली, "ताई, निघू तरी दे." या मुलीला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. ज्यांना द्यायचा त्यांना दिला आहे आणि त्यांच्या अंगाला तो लागलेला नाही.

पुन्हा वरसे

रेकॉर्ड निघाली तेव्हा चैत्र संपत आला होता. पोस्टाने पाठवता आली असती. मी स्वतः घेऊन गेले, का ते मलाही नीट सांगता येणार नाही. गडब गावाच्या पुढे एसटी तापून बंद पडली. सगळे उतरून रस्त्याकडेच्या दुकानात सरबत प्यायलो. लिंबू आणि मीठ, साखर नावाला. कोकणात सरबतातसुद्धा मीठ आधी.

वरशाच्या अंगणात सावलीसाठी मामाचा फ्लेक्स बांधला होता. कोकणात फ्लेक्स वाया जात नाही. नाक्यावरचा मान संपला की तो गोठ्यावर नाहीतर अंगणावर चढतो. चेहरे वरच्या बाजूला, उन्हाला. खालून बघितलं की अक्षरं उलटी दिसत. हाशीबाई त्याखाली मिरच्यांचे देठ खुडत होत्या. हात पुसून त्यांनी रेकॉर्ड घेतली.

पाकीट देखणं झालं होतं, हे कबूल करते. मामाची मांडणी जशीच्या तशी, वर चांदीसारखा कागद. मधे पूर्वा. हाशीबाईंनी एकेका जागेवर बोट ठेवलं.

"ही दिनाची जागा. ह्यो कोन?"

"मॉडेल आहे. भाड्याने आणलेला माणूस."

"ही बापाची. हेल्मेट त्याचंच वाटतंय." मग बोट पूर्वाच्या उजवीकडे आलं. तिथे हिरवी नऊवारी नेसलेली, ठसठशीत नथ घातलेली, गोरीपान बाई होती. तोंड मोठं उघडलेलं, जणू गाते आहे. "आनि ही?"

"ती तुमच्या जागी आहे," मी म्हटलं.

हाशीबाईंनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं.

"हिला धवले येतात?"

"नाही."

"मंग तोंड कशाला उघारलंय?"

पूर्वा खांबाला टेकून उभी होती. ती ना हसली ना जवळ आली. हाशीबाईंनी पाकीट उलटं केलं आणि माझ्या हातात दिलं. बारीक अक्षरं त्यांना दिसत नव्हती. "वाच गो. समदी वाच."

मी वाचली. संगीत, पूर्वा. आवाजाचा समतोल करणारा कुणी, ध्वनिमुद्रण करणारा कुणी. कंपनीचा प्रमुख दोन वेळा, दोन पदव्यांनी. वकील. वेशभूषा, रंगभूषा. मग मॉडेलची नावं, प्रत्येकाचं, त्या नथवालीचंही, आडनावासकट. मुखपृष्ठ संकल्पना, म्हणून माझं. ते मी पुटपुटले. हाशीबाई म्हणाल्या, "मोठ्यानी वाच ना, बरं जालं, तुजं हाय." शेवटची ओळ: धवले, पारंपरिक. तीही वाचली. त्या डोळे मिटून मान हलवत ऐकत होत्या, मांडवात आलं-गेलं माणूस ध्यानात ठेवावं तशा.

माझं वाचून संपलं. त्यांनी डोळे उघडले आणि आमच्या दोघींकडे बघून म्हणाल्या, "कुनी राहिलं का?"

सवयीने विचारलं, की आम्हाला ऐकवायला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी पाकिटावरची शेवटची ओळ अंगठ्याने झाकली. लाज वाटत होती. खांबापासून पूर्वा मोठ्याने म्हणाली, "हाशीबाई. हाशीबाई राहिली."

हाशीबाईंनी माझ्या हातातून रेकॉर्ड घेतली, पदराने तिच्यावरची मिरचीची धूळ पुसली आणि ती पोरीच्या हातात दिली.

"आता नाव घेऊन काय गो बाय," त्या म्हणाल्या. "मांडव उठला."